बिल कोणाचं?
डब्लिनच्या पबमध्ये चौघं बसले की कोणी स्वतःपुरता पेला आणत नाही. एक उठतो, चौघांचं आणतो, पुढची पाळी दुसऱ्याची. हिशेब कोणी काढत नाही, पण आपली पाळी यायच्या आत काढता पाय घेणारा लक्षात मात्र राहतो. तिथल्या ऑफिसातल्या चहाचंही तेच. उठणाऱ्याने आजूबाजूला विचारायचं आणि पहिल्या 'नको'वर विश्वास ठेवायचा नाही. कोल्हापूरकराला हा आग्रह समजावून सांगावा लागत नाही. बेंगळुरूत नोकरीला आलेल्या मराठी माणसाला मात्र निराळा रिवाज शिकावा लागतो. इथल्या दर्शिनीत, म्हणजे छोट्या उपाहारगृहात, दोघं मिळून 'बाय टू' सांगतात. एकाच फिल्टर कॉफीचे दोन पेले होतात, उभ्याउभ्या संपतात. काउंटरवरच्या क्यूआरवर ज्याचा फोन आधी पोचला, पैसे त्याचे. आपलं पुणेरी टीटीएमएम हिशेबाला चोख, पण तिथे कोणी कोणाचं देणं लागत नाही. डब्लिनची पाळी आणि बेंगळुरूची अर्धी कॉफी, दोन्हींत थोडी बाकी उरते. सहकाऱ्यांमध्ये एवढी उधारी असलेली बरी. सगळं चुकतं झालं की उद्या 'चल, कॉफीला' म्हणायला निमित्त काय?