खेड्यातल्या पोरांनी परराष्ट्र संबंध शिकू नयेत?

हल्ली शेतीशाळेत खताच्या मात्रेबरोबर पोरांच्या शिक्षणाचाही सल्ला विचारतात. बी. ए.नंतर विकास अध्ययन घ्यावे की आंतरराष्ट्रीय संबंध? शेजारीपाजारी लगेच निकाल देऊन मोकळे होतात, ‘आपण खेड्यातली माणसं, ग्रामविकासच बरा. परदेशाचं आपल्याला काय?’

काय, ते कांदावाल्याला विचारा. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, डिसेंबरात थेट बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तरी टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य होतेच. निर्णय दिल्लीचा, पण गिऱ्हाईक बांगलादेश-मलेशियाचे. द्राक्षवाल्यांना २०१० आठवत असेल. सीसीसीचा अंश सापडला म्हणून माल युरोपात अडकला. फवारणी आपल्या बागेत आणि निकाल तिकडच्या बंदरात! हे व्यवहार समजणारा माणूस आपल्यातलाही हवा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पोटापाण्याचे बोलू. विकास अध्ययनाला काम लवकर मिळते. उमेद अभियान, बायफसारख्या संस्था, पाणलोटाची कामे आहेत. ग्रामसभा, टँकर, बचत गट हे शहरी पोराला पुस्तकातून शिकावे लागते, आपल्या पोराला नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेचे संकुल तर तुळजापुरातच आहे. मात्र बरीच पदे कंत्राटी असतात, हेही ध्यानात ठेवा.

आंतरराष्ट्रीय संबंधाची वाट लांबची. इंग्रजी वाचन भरपूर, नोकऱ्या मोजक्या आणि त्याही बहुतेक दिल्लीत. ही पदवी घेतली की वकिलातीत नोकरी, असा पुष्कळांचा समज आहे. तो खोटा. परराष्ट्र सेवेत यूपीएससीतूनच जावे लागते आणि त्या परीक्षेला कोणतीही पदवी चालते, अगदी बी. एस्सी. कृषीसुद्धा.

म्हणून घरावर कर्ज असेल, पगार लगेच हवा असेल, तर विकास अध्ययन घ्यावे. सोबत संख्याशास्त्र पक्के करावे, नुसत्या समाजसेवेच्या भाषणावर कोणी पगार देत नाही. दोन-चार वर्षे थांबण्याची ऐपत असेल आणि पोरगं पेपरातलं परदेशाचं पान आधी उघडत असेल, तर त्याला अडवू नका. पोरीला तर मुळीच नको. दिल्ली म्हटलं की तिला घरातूनच नकार मिळतो.

जवाहरलाल नेहरू विद्यापीठासारख्या सरकारी ठिकाणी फी फार कमी आहे. खासगी विद्यापीठ लाखांत फी सांगत असेल, तर जमीन गहाण टाकण्याआधी एवढे विचारा : गेल्या वर्षी पास झालेली मुले आज कुठे कामाला आहेत?