सुकाणूच्या दोन दोऱ्या

कंधारच्या किल्ल्याजवळचा जगत्तुंग सागर राष्ट्रकूटांच्या काळातला. अलीकडच्या काळात मन्याडवर बारूळचे धरण झाले, नांदेडजवळ गोदावरी विष्णुपुरीला अडली आणि पैठणला नाथसागर पसरला. मराठवाड्याला किनारा नसला तरी उभे पाणी बरेच आहे. एवढे असूनही शिडाची होडी म्हटले की आपल्याला कोकण आठवते.

शिडाच्या होडीला वारा आणि मोकळे पाणी एवढेच लागते. १९५६ पर्यंत नांदेड जिल्हा ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच्या राजधानीतल्या हुसेनसागरावर पावसाळ्यात शिडाच्या होड्यांच्या शर्यती होतात. पुण्याजवळ खडकवासल्याच्या पाण्यात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शीड हाकायला शिकतात. दोन्ही ठिकाणांपासून समुद्र लांब आहे. उद्या आपल्या एखाद्या जलाशयावर अशी होडी उतरली तर नवल वाटायला नको. मात्र तलावासाठी होडी निवडताना एका लहान भागाकडे सहसा दुर्लक्ष होते. तो भाग म्हणजे सुकाणूला बांधलेल्या दोऱ्या.

आधी सुकाणूचे काम पाहू. होडीच्या मागच्या टोकाला बिजागरीवर एक उभे पाते बसवलेले असते आणि त्याला टिलर, म्हणजे हातात धरायचा दांडा, जोडलेला असतो. दांडा डावीकडे ढकलला की पाते उजवीकडे वळते, त्यावर पाण्याचा दाब पडतो आणि होडीचे नाक उजवीकडे फिरते. हे सगळे होडी चालती असेल तरच घडते. थांबलेल्या होडीत दांडा कितीही हलवला तरी उपयोग होत नाही. वेग दुप्पट झाला की पात्यावरचा दाब साधारण चौपट होतो.

खोल समुद्रात पाते कायम खाली राहिले तरी बिघडत नाही. जलाशयाचे तसे नसते. पावसाळ्यानंतर तुडुंब दिसणारे पाणी मार्च-एप्रिलमध्ये खाली जाते आणि बुडालेले बांध, विहिरींचे काठ, बाभळीची खोडे पृष्ठभागाजवळ येतात. उजनीचे पाणी ओसरल्यावर पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते, हे अनेकांनी पाहिले असेल. अशा जागी घट्ट बसवलेले पाते आदळले तर पाते तुटते, नाहीतर बिजागरी उखडते. दोन्हींचा परिणाम एकच: होडी वाऱ्याच्या ताब्यात जाते.

म्हणून लहान होड्यांत पाते एका बोल्टभोवती मागे-वर झुलेल असे बसवतात. जगभर शर्यतीत चालणाऱ्या लेझर या सव्वाचार मीटरच्या एकट्याने हाकायच्या होडीतही अशीच रचना असते. झुलणाऱ्या पात्याला दोन दोऱ्या लागतात. डाउनहॉल म्हणजे पाते खाली ओढून धरणारी दोरी. बहुतेक रचनांत ती पात्याच्या पुढच्या कडेपासून निघून दांड्यालगत पुढे येते आणि क्लीटमध्ये, म्हणजे दोरी पकडणाऱ्या चापात, अडकवली जाते. अपहॉल म्हणजे पाते वर उचलणारी दोरी. ती मागच्या कडेला बांधतात.

खरी मेख डाउनहॉलमध्ये आहे. बोल्टपासून पाण्याच्या दाबाचा मध्य समजा ५० सेंटीमीटर खाली आहे आणि दोरीची ओढ बोल्टपासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर. तरफेच्या नियमाने पाणी पात्याला ज्या बळाने मागे रेटते, त्याच्या दहापट ताण या दोरीवर येतो. नायलॉनची दोरी एवढ्या ताणाखाली लांबते. होडीत बसून कळतही नाही, पण पाते हळूहळू मागे कलते. ते २० अंश कलले तर दाबाचा मध्य सुमारे १७ सेंटीमीटर मागे सरकतो. एरवी तो बिजागरीच्या रेषेपासून जेमतेम काही सेंटीमीटर मागे असतो. त्यामुळे बोटांनी वळणारा दांडा दोन्ही हातांनीही आवरेनासा होतो आणि नवशिक्याला वाटते, वाराच वाढला. यासाठी डाउनहॉलला कमी ताणणारी दोरी घ्यावी. पॉलिएस्टर चालते, डायनीमा त्याहून बरी.

बांधणी जमिनीवरच करावी. दोरी पात्याच्या भोकातून ओवून टोकाला आठाची गाठ मारायची, दोरी कुठे घासते ते पाहायचे, पाते हाताने दोन-चारदा वर-खाली करून बघायचे. पाण्यात जाताना पाते वर ठेवायचे आणि पुरेशी खोली मिळाल्यावर खाली ओढून दोरी चापात घट्ट करायची. परतताना अपहॉल हाताशी हवी. ती नसेल तर काठाजवळ मागे वाकून पाते हाताने उचलावे लागते आणि तेवढ्यात पुढचे लक्ष सुटते.

पण दोरी घट्ट बांधली की पाते पुन्हा अचल झाले, मग झुलण्याचा उपयोग काय? यावर तीन तोडगे वापरले जातात. दोरीत लवचिक रबरी तुकडा घालता येतो, पण वेगात तोही ताणला जाऊन पाते कलते. मुद्दाम बारीक सुताचा तुटणारा तुकडा जोडता येतो, पण तो तुटल्यावर पाण्यातच नवा बांधावा लागतो. तिसरा म्हणजे ठरावीक ताण येताच आपोआप उलटून दोरी सोडणारे क्लीट. पाते खडकावर आदळले की दोरी सुटते, पाते वर येते, आणि ओढून पुन्हा अडकवले की काम सुरू.

सुकाणूचा बिघाड मोठ्या बोटींनाही अडवतो. गोव्यात बांधलेली नौदलाची ‘तारिणी’ सहा महिला अधिकाऱ्यांसह पृथ्वीप्रदक्षिणा करत असताना एप्रिल २०१८ मध्ये सुकाणू यंत्रणेतल्या दोषामुळे मॉरिशसच्या पोर्ट लुईसकडे वळवावी लागली. तिथे दुरुस्तीला बंदर होते. आपल्या जलाशयांवर तशी सोय नसते, आणि वाराही कमी लेखण्यासारखा नसतो. मे २०२४ मध्ये उजनीत वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण बुडाले. त्या दुर्घटनेचा सुकाणूशी संबंध नव्हता, पण उन्हाळ्यात पाणी सर्वांत उथळ असते तेव्हाच असा वारा सुटतो.

म्हणून मराठवाड्यातल्या पाण्यासाठी आमचे मत तिसऱ्या तोडग्याच्या बाजूचे आहे. त्याला रबरापेक्षा थोडे पैसे जास्त लागतील, ते लागू द्यावेत. शाळा, क्रीडा मंडळ किंवा ग्रामपंचायत तलावासाठी होडी घेणार असेल, तर शिडाचा रंग पाहण्याआधी पाते हाताने जोरात मागे रेटून बघावे. दोरी सुटून पाते वर आले नाही, तर ती होडी घेऊ नये.