दिवा पेटतो, दुखणे कोण सांगणार?



विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचे दिवस आठवा. हँडल मारणाऱ्यालाच त्या इंजिनाची नाडी कळत असे. धूर काळा की पांढरा, ठोका बदलला का, एवढ्यावरून दुखणे ओळखायचे. हवा धरली तर पाना घेऊन काढायची, नोझल साफ करायचे. नाही जमले तर गावचा मिस्त्री होताच. यंत्र विकत घेतले म्हणजे ते आपले झाले, हा सरळ हिशेब होता.

आता हिशेब बदलला आहे. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांना भारत स्टेज सहा आणि १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरवरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम चार हे धुराचे नियम लागू झाले. डिझेल किती आणि कधी सोडायचे हे आता इंजिनावरचा संगणक ठरवतो. जागोजागी सेन्सर बसले आहेत. एकालाही वावगे दिसले की समोर पिवळा दिवा लागतो.

दिवा लागण्याबद्दल तक्रार नाही. धूर कमी झाला तर आपल्याच लेकरांची छाती वाचते. तक्रार पुढची आहे. दिवा लागतो तेव्हा संगणक बिघाडाचा कोड नोंदवून ठेवतो. स्कॅनर जोडला की काही मिनिटांत तो वाचता येतो. पण दिवा मालकाला दिसतो आणि कोड सर्व्हिस सेंटरला! गेवराई-माजलगावात कापूस वेचणीला आलेला, आष्टी-पाटोद्यात ज्वारीच्या पेरणीची वाफ निघून चाललेली, आणि गाडी शहरातल्या गॅरेजच्या दारात उभी. एक सेन्सर बदलतात, बिल फाडतात. आठ दिवसांनी दिवा पुन्हा हजर. मग दुसरा सेन्सर, दुसरे बिल.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. कोड म्हणजे निदान नव्हे. अमुक सेन्सरकडून चुकीची खूण येते, एवढेच तो सांगतो. सेन्सर गेला, की उंदराने वायर कुरतडली, की बॅटरीचे टर्मिनल ढिले आहे, की डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचले, की धुळीने एअर फिल्टर बुजला, हे माणसाने पाहायचे असते. आधी वायर आणि फिल्टर, मग सेन्सर, हा क्रम. अनेक नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो जळून साफ व्हायला सलग लांबची धाव लागते. वावर ते गाव अशा फेऱ्यांत तो तुंबतो. हे गाडी विकतानाच सांगायला नको काय?

तेलाच्या दाबाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर मात्र जागीच इंजिन बंद करा. आणि पिवळ्या दिव्याची वायर तोडून देणाऱ्याच्या नादी लागू नका. दिवा विझतो, दुखणे राहते, वॉरंटी जाते.

ही कुरकूर आपल्या एकट्याची नाही. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, असा ठपका ठेवून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण अपिलात गेले, पण मुद्दा सरकारदरबारी नोंदला गेला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली; तिच्या यादीत शेती अवजारे होती. डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल निघाले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदाच केला. १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या ट्रॅक्टर कंपन्यांना दुरुस्तीची पुस्तके, साधने आणि सुटे भाग शेतकऱ्याला द्यावे लागतात. तिथला शेतकरी मागू शकतो, तर आपण का नाही?

कायदा होईल तेव्हा होईल. आजपासून एवढे करा. भाग बदलण्याआधी कोड वाचून बिलावर लिहून मागा. काढलेला जुना भाग परत मागा. चार-पाच गावांनी मिळून एक स्कॅनर घ्यावा आणि गावच्या मिस्त्रीच्या हाती द्यावा. पिकअपचा कोड वाचणारा साधा स्कॅनर बाजारात मिळतो. फसवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सांगा, जिल्हा ग्राहक आयोगात जा. स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतलेल्या यंत्राचा मालक कायद्याने ग्राहकच आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला फी नाही.

जिल्हा बैठकीत ठराव एकच हवा: ज्याने यंत्राचे पैसे मोजले, त्याला त्याचे दुखणे कळलेच पाहिजे.