सोसायटीचा गणपती कुणाचा?

छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासच्या दोन्ही अंगांना आणि सातारा-देवळाईच्या परिसरात गेल्या दोन-अडीच दशकांत सदनिकांची दाट वस्ती उभी राहिली. तिच्यातील बहुतेक संकुलांत आता गणपती बसतो. वाहनतळाच्या कोपऱ्यात पडदे बांधले जातात, लिफ्टशेजारच्या फलकावर वर्गणीची यादी लागते, सायंकाळी घंटा वाजते आणि माणसे खाली उतरतात. टँकरचे पैसे आणि गाडी उभी करण्याची जागा, या दोन विषयांपलीकडे वर्षभर ज्यांचे बोलणे जात नाही, ते शेजारी दहा दिवस एकत्र येतात, ही सामान्य गोष्ट नव्हे. तिचे स्वागतच केले पाहिजे. मात्र स्वागत करताना एक प्रश्न टाळून चालणार नाही. आरतीच्या वेळी त्या मांडवात कोण उभे असते, आणि कोण नसते?

पहारेकरी फाटकापाशीच असतो. जिने झाडणारा सकाळीच येऊन गेलेला असतो. चार घरची धुणीभांडी करणारी बाई मांडवावरून जाताना पायातील चप्पल काढून क्षणभर हात जोडते आणि पुढच्या घरी जाते. भाडेकरू कुटुंबाकडून वर्गणी घेतली जाते, पण उत्सवाच्या बैठकीचे निमंत्रण त्याच्या दारापर्यंत पोहोचत नाही. यांपैकी कुणालाही कुणी मज्जाव केलेला नसतो. पूर्वी मज्जाव करावा लागे. आता नुसते न बोलावले तरी भागते.

या शहराला हे शोभणारे नाही, कारण त्याचा नवा अर्धा भाग परक्या माणसांनी एकमेकांना आपले म्हटल्यामुळेच उभा राहिला. १९७० च्या दशकात सिडकोने येथे नवी वसाहत वसवण्यास प्रारंभ केला. चिकलठाण्याच्या आणि पुढे वाळूजच्या औद्योगिक क्षेत्राने हाताला काम दिले. जालना, बीड, परभणी, बुलढाणा, खानदेश अशा चारी दिशांनी आलेली कुटुंबे अल्प उत्पन्न गटाच्या घरांत भिंतीला भिंत लावून राहू लागली. कुणाच्या घरी महालक्ष्म्या उभ्या, कुणाकडे नुसते मुखवटे, कुणाकडे खड्यांच्या. एकीच्या आंबिलीची रीत दुसरीला ठाऊक नाही. पण घराचे दार थेट गल्लीत उघडत होते, आणि गल्लीच्या टोकाला मोकळी जागा होती. त्या जागेवर बसलेल्या गणपतीने कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा आणि तिसऱ्या पाळीहून परतणारा यांची ओळख करून दिली. गाव सोडून आलेल्यांना तेथे पुन्हा गाव मिळाले. आजच्या संकुलात लिफ्ट वाहनतळापासून थेट दारापर्यंत नेते. वाटेत कुणी भेटत नाही. म्हणून जे काम पूर्वी गल्लीची रचनाच करीत असे, ते आता ठरवून करावे लागते.

निवासी वस्तीचा गणपती ही काही नवी कल्पना नाही. लोकमान्यांच्या प्रेरणेने सार्वजनिक उत्सवाला चळवळीचे रूप आले त्याच १८९३ साली, मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत भाडेकऱ्यांनी गणपती बसवला. १९०१ साली स्वतः लोकमान्य तेथे येऊन गेले. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तरी तेथील मूर्ती लहानच असते आणि पालखीतून विसर्जनाला जाते. ज्यांच्या मालकीची वीतभरही जागा नव्हती अशा माणसांनी ही परंपरा निर्माण केली, याचा सदनिकाधारकांनी थोडा विचार करावा.

दुसरे उदाहरण अधिक बोचरे आहे, आणि ते आपल्याच घरातले आहे. १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात तत्कालीन अस्पृश्य बांधवांना पूजेचा अधिकार मिळावा, अशी मागणी पुढे आली. वर्गणी त्यांचीही होती, मग पूजा त्यांची का नाही, हा सरळ प्रश्न होता. उत्सवाचे चालक मान्य करीनात. प्रबोधनकार ठाकरे तरुणांना घेऊन उभे राहिले. रावबहादूर बोले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यात लक्ष घातले. अखेर तोड निघाली ती अशी की, अस्पृश्य कार्यकर्त्याने फुलांचा गुच्छ पुजाऱ्याच्या हाती द्यावा आणि पुजाऱ्याने तो मूर्तीला वाहावा. एवढ्या फुलांसाठी केवढा संघर्ष! एवढे होऊनही तो उत्सव चालकांनी पुढे बंदच केला, आणि प्रबोधनकारांनी सहकाऱ्यांसह दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. देव सर्वांचा झाला म्हणून उत्सवच नको, असे म्हणणारी माणसे हिंदू समाजात होती, हे आपण विसरता कामा नये. त्याच काळात स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत अखिल हिंदू गणेशोत्सव आणि सहभोजने घडवीत होते, आणि १९३१ साली तेथे पतितपावन मंदिर उभे राहिले, हेही तितकेच खरे.

आजच्या संकुलात जातीचा उच्चार कुणी करणार नाही. भेद वेगळ्या शब्दांत येतो: मालक आणि भाडेकरू, सभासद आणि बाहेरचा. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींत भाडेकरू हा नाममात्र सभासद आहे. त्याला मताचा अधिकार नाही. इमारतीच्या डागडुजीपुरते ते योग्यही असेल. पण आरतीला उपविधी लागू करण्याचे कारण काय? भाडेकरूचे मन वस्तीत रुजत नाही, अकरा महिन्यांचा करार संपला की तो जातो, अशी तक्रार ऐकू येते. अकरा महिन्यांत गणपती बहुधा एकदाच येतो. त्या एका वेळी आरतीचे ताट त्याच्या हाती दिले, तर रुजण्याचे पुढचे पुढे पाहता येईल.

हळदीकुंकवाची कथाही निराळी नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने अन्य ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. एका खेड्याला जे सुचले, ते पदवीधरांनी भरलेल्या संकुलांना शासनाने सांगण्याची वाट का पाहावी लागावी? तिसऱ्या मजल्यावरील आजी महालक्ष्म्यांच्या दर्शनाला येत नाहीत. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे असे सगळेजण धरून चालतात. गुडघे दुखत असतीलही. पण बोलवायला कुणी गेले होते का?

ध्वनिक्षेपकाच्या भिंती, अतिउंच मूर्ती, कंत्राटाने दिलेली सजावट यांवर दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण आवाज कमी झाला म्हणून मांडव भरतो असे नाही. २०२५ साली शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. त्यानेही तो भरणार नाही.

निजामी राजवटीत मराठवाड्यात सभा भरवण्यासाठी पूर्वपरवानगी लागत असे. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले. २०२४ साली अनंत चतुर्दशी नेमकी १७ सप्टेंबरलाच आली: सकाळी मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन, सायंकाळी मिरवणुका. मोकळेपणाने एकत्र जमता यावे म्हणून ज्या पिढीने किंमत मोजली, तिची नातवंडे आज या सदनिकांत राहतात. त्यांना जमण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पहिल्या बैठकीची सूचना तेवढी मालकांच्या यादीपुरती न धाडता प्रत्येक दारी जाऊन द्यावी लागते. आरतीची वेळ कामाला येणाऱ्या भगिनींना विचारून ठरवावी लागते. एका सायंकाळची आरती जिने झाडणाऱ्याच्या कुटुंबाच्या हस्ते व्हावी, त्याला प्रसादाची पुडी देऊन मोकळे होऊ नये. पहारेकऱ्याला मांडवात यायचे असेल तर फाटकावर अर्धा तास दुसरे कुणी बसले पाहिजे. कामांच्या वाटणीत फुले, प्रसाद आणि आरास यांच्यापुढे नावे लिहिली जातात, तशी दहा दिवसांसाठी दहा सदनिकाधारकांची नावे फाटकापुढेही लिहावीत, आणि पहिले नाव अध्यक्षांचे असावे.