धनुर्वाताचं इंजेक्शन : खिळा बघायचा की कार्ड?

इगतपुरीत पाऊस लागला की आमच्या शाळेत दोन गोष्टी ठरलेल्या. आवणीमुळे हजेरी कमी होते, आणि जी मुलं येतात त्यांच्या हातापायाला काही ना काही लागलेलं असतं. कुणाला काटा, कुणाला विळा, कुणाला पत्रा. चिखलात अनवाणी चालायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार?

गेल्या पावसाळ्यात सहावीतला एक मुलगा लंगडत वर्गात आला. आदल्या संध्याकाळी गोठ्याजवळ फळीचा खिळा तळपायात घुसला होता. घरी हळद भरून फडकं बांधलेलं. मी फोन केला तर आजी म्हणाली, "सर, खिळा नवा व्हता, गंजलेला नव्हता. कशाला इंजेक्शन?" त्याच आठवड्यात दुसरीतल्या मुलीच्या बोटाला स्टीलच्या पट्टीचा ओरखडा आला. तिचे वडील काम सोडून धावत आले. "लोखंड लागलंय सर, टीटी द्यायलाच पाहिजे!"

खरं तर गरज होती त्या मुलाला. मुलीला नव्हती. पण दोन्ही घरांनी निर्णय घेतला तो लोखंड बघून.

धनुर्वात गंजामुळे होत नाही. क्लोस्ट्रिडियम टेटनी या जंतूचे बीजाणू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. खोल, अरुंद जखमेत हवा पोहोचत नाही, तिथे हे जंतू वाढतात आणि विष तयार करतात. त्या विषाने स्नायू आखडतात, जबडा बसतो, शरीर धनुष्यासारखं वाकतं. म्हणून तर नाव धनुर्वात. लक्षणं बहुधा ३ ते २१ दिवसांत दिसतात, म्हणजे जखम भरत आली तरी धोका टळला असं नाही. गोठ्याजवळचा कोरा करकरीत खिळा गंजक्या खिळ्याइतकाच घातक ठरू शकतो. बाभळीचा काटासुद्धा.

मग ठरवायचं कसं? माझ्या मते प्रश्न दोनच.

पहिला, शेवटचा डोस कधी झाला? सरकारी वेळापत्रकात बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट लस मिळते. १६ ते २४ महिन्यांत आणि पुन्हा ५ ते ६ वर्षांत डीपीटीचा बूस्टर. नंतर १० आणि १६ व्या वर्षी टीडी. पूर्वीच्या टीटीची जागा आता टीडीने घेतली आहे, तिच्यात घटसर्पाचीही लस असते.

दुसरा, जखम कशी आहे? सुरुवातीचे डोस पूर्ण असतील आणि जखम लहान, स्वच्छ असेल, तर शेवटच्या डोसला १० वर्षं होईपर्यंत नवा लागत नाही. जखम खोल असेल, माती-शेण लागलं असेल, तर ही मर्यादा ५ वर्षांची. डोस अपुरे असतील किंवा माहीतच नसतील, तर लस घ्यावीच. अशा वेळी घाण जखमेसाठी तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही लागू शकतं, ते डॉक्टर ठरवतील. म्हणजे "दर सहा महिन्यांनी टीटी" हा आपल्याकडचा समज चुकीचाच. आणि कुत्रा चावला असेल तर नुसत्या टीटीवर भागत नाही, रेबीजची लस वेगळी घ्यावी लागते.

आमच्या त्या मुलाचं कार्ड आईने पत्र्याच्या पेटीतून काढलं. लहानपणीचे सगळे डोस होते. पाचवीत शाळेत टीडी दिली त्या दिवशी मात्र घरचे कामासाठी बाहेरगावी गेलेले, पोरगा गैरहजर! म्हणजे शेवटच्या डोसला ५ वर्षं उलटून गेलेली, आणि जखम गोठ्यातली. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जखम साफ करून टीडी दिली. पोरगा आठवड्यात पुन्हा खेळायला लागला.

मला टोचणी लागली ती वेगळीच. तो त्या दिवशी गैरहजर होता हे आमच्याच हजेरीपटावर होतं. आम्ही ते कधी बघितलं नाही.

शिक्षक मित्रांनो, आपल्यावर कामांचा बोजा आहे, मान्य. पण विद्यार्थ्यांच्या नोंदीत शेवटच्या टीडीची तारीख असा एकच रकाना वाढवला तर? लसीकरणाच्या दिवशी जे नव्हते त्यांची यादी आशाताईंकडे दिली तर? पाच मिनिटांचं काम आहे.

पालकहो, कार्डाचा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. जखम झाली की आधी भरपूर स्वच्छ पाणी आणि साबण. हळद, चुना, तंबाखू भरू नका. आणि स्वतःचंही बघा. बाईला गरोदरपणात तरी लस मिळते, शेतात राबणाऱ्या बापाला शाळा सुटल्यापासून मिळालेली नसते.

२०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. अभिमानाचीच गोष्ट. पण मातीतले बीजाणू कुठेही गेलेले नाहीत. हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे शेजाऱ्याने घेतलेली लस आपल्या मुलाला वाचवत नाही. ज्याची त्यानेच घ्यावी लागते.

पुढची आवणी येण्याआधी आपल्या वर्गातली कार्डं एकदा बघूया का?