आत्याचे पाय आणि आजोबांची बुलेट

मित्रांनो, सायकल शिकतानाचे दिवस आठवतात ना? बाबांची मोठी सायकल, सीटवर बसलं तर पाय हवेत. मग नळीखालून एक पाय पलीकडे घालायचा आणि वाकडंतिकडं होत गल्लीला फेरी मारायची! आजची गोष्ट अशीच, पाय न पुरण्याची. फक्त सायकलच्या जागी दीडशे किलोहून जड बुलेट आहे आणि चालवणार आहे माझी आत्या. उंची चार फूट अकरा इंच, बरं का!

आधी बुलेटची थोडी ओळख. ही मूळची इंग्लंडची. १९५५ साली रॉयल एनफिल्ड कंपनीने मद्रासच्या, म्हणजे आजच्या चेन्नईच्या, मंडळींबरोबर भागीदारी केली आणि ती आपल्याकडे बनू लागली. पुढे इंग्लंडमधला कारखाना बंद पडला, पण इथला चालूच राहिला. आजोबांची गाडी १९७२ सालची, ३५० ची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, आताच्या गाड्यांच्या अगदी उलट.

आजोबा गेले आणि गाडी कोल्हापुरातल्या आमच्या घराच्या सोप्यात दोन वर्षं तशीच उभी राहिली. गिऱ्हाईक आलं. काका म्हणाले, "देऊन टाकू. चालवणार कोण?"

आत्या म्हणाली, "मी."

काका हसले. "अगं, तुझे पाय तरी पोचतात का खाली?"

आत्या काही बोलली नाही. दुसऱ्याच दिवशी तिने गाडी ढकलत जवळच्या एका गॅरेजात नेली. "खाली करून द्या," एवढंच सांगितलं. गॅरेजवाल्याने काय केलं असेल? मागच्या शॉकअब्सॉर्बरच्या स्प्रिंगा काढल्या, त्यांचे चार-चार वेढे कापले आणि परत बसवल्या. एका तासात काम फत्ते! गाडी दीड-दोन इंच खाली आली. आत्या खूश.

पण ही खुशी टिकली दोन दिवस. पहिल्या दिवशी स्पीडब्रेकरवर असा दणका बसला की मागचं टायर मडगार्डला घासलं. दुसऱ्या दिवशी साइड स्टँडवर लावलेली गाडी कुणाचा जरा धक्का लागला आणि उजव्या अंगाला धाडकन पडली, ती थेट तुळशीवृंदावनावर! काका फक्त एवढंच म्हणाले, "गिऱ्हाइकाला निरोप पाठवू का?"

आता सांगा पाहू, चुकलं कुठे?

यासाठी एक छोटा प्रयोग करा. एक रबरबँड कापून त्याची लांब पट्टी करा. खाली किल्ल्यांचा जुडगा बांधा आणि पट्टी किती ताणली ते मोजा. आता पट्टी मधोमध धरा आणि पुन्हा मोजा. ताण साधारण निम्माच भरेल. वजन तेच, रबर तेच, मग असं का? कारण ताण सगळ्या लांबीत वाटला जातो. लांबी निम्मी झाली की ताणायला जागाही निम्मीच. स्प्रिंगचंही असंच. बारा वेढ्यांतले चार कापले की उरलेली आठ वेढ्यांची स्प्रिंग दीडपट कडक होते. म्हणजे स्प्रिंग कडक झाली, आणि गाडी आधीच खाली आल्यामुळे चाकाला वर यायला जागाही कमी उरली. दणका बसणारच की!

आणि ती पडली का? गाडी खाली आली, पण साइड स्टँडची लांबी तेवढीच राहिली. त्यामुळे डावीकडे झुकून निवांत उभी राहणारी गाडी आता जवळजवळ ताठ उभी राहू लागली. जरा धक्का लागला की पलीकडे!

आत्याने मग मला बरोबर घेतलं आणि आम्ही उद्यमनगर गाठलं. तिथले एक म्हातारे मिस्त्री आजोबांचे जुने स्नेही. कापलेल्या स्प्रिंगा हातात घेऊन ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, कापलेलं पुन्हा जोडता येत नाही. आता मी जे करीन ते उलटं फिरवता येईल असंच करीन. पटतंय का?"

त्यांनी आधी नव्या स्प्रिंगा घालून गाडी मूळपदावर आणली. मग पान्याऐवजी टेप काढला. जमिनीपासून सीट ३० इंच. आत्याच्या पायाची आतल्या बाजूने लांबी २७ इंच. तूट तीन इंचांची.

"तीनही इंच गाडीकडूनच काढायचे असं नाही," मिस्त्री म्हणाले. "थोडे सीटकडून, थोडे गाडीकडून, थोडे तुमच्याकडून."

पहिला हप्ता सीटचा. मूळ सीटला हात लावायचा नाही, दुसरी बनवायची असं ठरलं. नव्या सीटचा फोम एक इंच कमी केला. शिवाय पुढचा भाग, जिथे मांड्या येतात, तिथे सीट अरुंद केली. का? दोन्ही पाय फाकवून उभे राहून बघा, कंबर खाली येते ना? रुंद सीटवर पायांची लांबी अशीच बाजूला वाया जाते. पुढे अरुंद केल्याने आणखी अर्धा इंच मिळाला. झाला दीड इंच.

दुसरा हप्ता शॉकअब्सॉर्बरचा. मिस्त्रींनी पाऊण इंच आखूड जोडी बसवली. मी लगेच म्हटलं, "म्हणजे सीट पाऊण इंच खाली!" मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं की शाळेतले भूमितीचे सर आठवले.

इथे समरूप त्रिकोण कामाला येतात, मित्रांनो! पुढचं चाक जागच्या जागी आहे, मागचं टोक पाऊण इंच खाली आलं. दोन्ही चाकांच्या आसांत अंतर ५४ इंच. आत्या बसते ती जागा पुढच्या आसापासून ३६ इंचांवर. ५४ ला पाऊण, तर ३६ ला किती? बरोबर, अर्धा इंच! सी-सॉवर मधे बसलेलं मूल टोकावरच्या मुलापेक्षा कमी खालीवर होतं, तसंच हे.

"मग मागे दोन इंच का नाही उतरवत?" आत्याने विचारलं.

मिस्त्रींनी बोटं मोजली. मागचं टायर मडगार्डला लागेल. खालचे भाग स्पीडब्रेकरला घासतील. मागचं खाली गेलं की पुढचा फोर्क जास्त तिरका होतो आणि हँडल वळायला आळस करतं. पाऊण इंचात हा फरक एका अंशाहूनही कमी पडतो, दोन इंचात तो जाणवू लागतो. काही गाड्यांत फोर्कचे पाईप वर सरकवून पुढची बाजूही उतरवता येते. जुन्या बुलेटला ती सोय नाही, तिचे पाईप वर हेडलाइटच्या घरातच पक्के बसवलेले असतात.

साइड स्टँडही त्यांनी मापाने थोडा आखूड केला. आणि मेन स्टँडचं काय? गाडी खाली आली की तिला स्टँडवर चढवायला जास्त उचलावं लागतं. त्यावर साधा उपाय, पाऊण इंच जाडीची एक फळी. मागचं चाक फळीवर घ्यायचं, मग स्टँड लावायचा.

राहिला एक इंच. "हा तुमचा," मिस्त्री म्हणाले. जाड तळव्याच्या बुटांनी अर्धा इंच दिला. उरलेला अर्धा इंच कसबाचा. दोन्ही पाय सपाट टेकलेच पाहिजेत असं कुणी सांगितलं? ब्रेक डाव्या पायाला, म्हणून डावा पाय ब्रेकवर ठेवायचा. थांबण्याआधी उजव्या टाचेने न्यूट्रलची छोटी दांडी दाबायची आणि जरासं उजवीकडे झुकून उजवा पाय टेकायचा. आपला रस्ता मधे फुगीर आणि कडेला उतरता असतो. डावीकडून जाताना उजव्या पायाखालची जमीन थोडी उंचच सापडते! किक मात्र गाडी मेन स्टँडवर असतानाच मारायची. आणि गाडीची चौकट कुठेही कापायची नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी मेळ राहणार नाही असा बदल करता येत नाही.

पंधरा दिवस आत्याने रोज सकाळी रिकाम्या मैदानात फक्त थांबायचा सराव केला. होय, चालवायचा नाही, थांबायचा! एका रविवारी ती रंकाळ्याला फेरी मारून आली आणि दारासमोर उजवा पाय टेकून उभी राहिली. काका पायरीवर पेपर वाचत होते. पेपर खाली न करताच म्हणाले, "चेनला तेल घाल. आवाज करतेय." गिऱ्हाइकाचा विषय पुन्हा निघाला नाही.

आजोबांची मूळ सीट आता जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. माझी तेरा वर्षांची मुलगी आत्ताच आत्यापेक्षा उंच झाली आहे आणि तिचा डोळा त्या सीटवर आहे. आत्या तिला म्हणते, "सीट कुठे पळून जात नाही. अठरा पूर्ण कर, लायसन्स काढ, मग माळ्यावर चढ!" पालकहो, हे तुम्हीही लक्षात ठेवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकालाही २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता तुमचा गृहपाठ. घरातल्या सायकलच्या दोन्ही आसांतलं अंतर मोजा. मागचं चाक एक इंच जाड पुस्तकावर ठेवलं तर सीट किती वर जाईल? आधी गणिताने काढा, मग टेपने मोजा. दोन्ही उत्तरं जुळली की समजा, भूमिती शाळेच्या बाहेरही चालते!

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर अच्छा!