पॅनेलच्या दारामागचा खिसा

गेल्या दिवाळी अंकात मी बेसमेंटमधल्या माझ्या दुरुस्तीच्या बाकाबद्दल लिहिलं, त्याचा परिणाम असा झाला की मंडळाच्या पिकनिकला दोघांनी बिघडलेले मिक्सर आणून माझ्या हातात ठेवले. दोन्ही चालू झाले. एकाचं तर फक्त खालचं ओव्हरलोडचं लाल बटण दाबायचं होतं! तर मंडळी, या वेळचं यंत्र मिक्सरपेक्षा जरा जड आहे.

इथे मॅसॅच्युसेट्समध्ये आमच्या वर्कशॉपात ११ माणसं आणि ७ यंत्रं. त्यातलं सगळ्यात म्हातारं म्हणजे १९९५ सालचं व्हीएमसी, कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारं उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी ते सुरूच होईना. स्क्रीनवर वाय अ‍ॅक्सिसचा अलार्म. एक्स आणि वायचे ड्राइव्ह सारखेच असतात, म्हणून त्यांची अदलाबदल करून पाहिली. अलार्म वायवरच राहिला. म्हणजे ड्राइव्ह ठीक, दोष त्याच्या मागच्या कंट्रोल बोर्डात.

कंपनीला फोन केला. बोर्ड आता बनत नाही. जुनं द्या, दुरुस्त केलेलं घ्या, ६,४०० डॉलर, सहा आठवडे थांबा. निदान सर्किट डायग्राम तरी द्या म्हटलं, तर ते ग्राहकाला देत नाहीत.

मी बोर्ड घरी आणलं. भिंगाखाली धरलं तर छोट्या कपॅसिटरांच्या बुडाशी ओलसर डाग आणि तांब्यावर हिरवट थर. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच बोर्डांना हा रोग आहे: आतलं रसायन हळूहळू झिरपतं आणि शेजारचे ट्रॅक खातं. सोल्डरिंग आयर्न टेकवलं की मासळीबाजारासारखा वास सुटतो, आणि त्या वासावरूनच निदान पक्कं होतं. बायकोने वरून विचारलं, “आज सोमवार आहे ना?” १४ कपॅसिटर बदलले, बोर्ड अल्कोहोलने धुतलं, खाल्ल्या गेलेल्या दोन ट्रॅकवर केसासारखी बारीक वायर टाकली. सामान सात डॉलरचं. वेळ मात्र तीन रात्री, कारण डायग्राम नसल्यामुळे कुठला पाय कुठे जातो हे मीटर लावून एकेक शोधावं लागलं. गुरुवारी मशीन चालू झालं.

हे शिकलो भोसरीत. १९९१ साली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला लागलो, आणि पहिल्याच महिन्यात दिवे लावले. सीएनसीच्या मेमरीत मशीनची सगळी मापं, म्हणजे पॅरामीटर, बॅटरीच्या जोरावर टिकून असतात. बॅटरी बदलायची ती वीज चालू ठेवून. मी शहाण्यासारखा आधी मेन स्विच बंद केला. बॅटरी काढली आणि मशीन आपलं नावगाव विसरलं. आमचे काका (सगळा कारखाना त्यांना काकाच म्हणायचा) एक अक्षर बोलले नाहीत. पॅनेलचं दार उघडून त्यांनी आतल्या खिशातली जाड फाइल काढली. ड्रॉइंग होती, लॅडर होता आणि पॅरामीटरची छापील यादी होती. रात्रभर मी वाचायचं आणि त्यांनी बटणं दाबायची. पहाटे चहा पिताना ते एवढंच म्हणाले, “फाइल जागेवर ठेव.”

आता दुसरं मशीन, २०१६चं. जुलैतल्या वादळात वीज कडाडली आणि त्याचं एक बोर्ड जळलं. अगदी त्याच मॉडेलचं वापरलेलं बोर्ड मी चार दिवसांत मिळवलं, बसवलं. दिवे हिरवे लागले. आणि स्क्रीनवर आलं की बोर्डाचा नंबर जुळत नाही, कोड टाका. कोड फक्त कंपनीकडे. त्यांचा माणूस नवव्या दिवशी लॅपटॉप घेऊन आला, वीस मिनिटं काम केलं आणि बिल अख्ख्या दिवसाचं, वर प्रवासखर्च. तोवर पंपाच्या भागांची एक ऑर्डर दुसऱ्या शॉपकडे गेली होती आणि मालकाने दोन पोरांचे तास कमी केले होते. त्यातल्या एकाच्या घरी तान्हं बाळ आहे.

या राज्यात २०१२ साली गाडी दुरुस्तीच्या हक्कावर मतदान झालं, तेव्हा आम्ही दोघं नुकतेच नागरिक झालो होतो. प्रस्ताव ८० टक्क्यांहून जास्त मतांनी पास झाला. कोलोरॅडोत शेतीच्या यंत्रांसाठी कायदा झाला, तो २०२४पासून लागू आहे. न्यूयॉर्कचाही आहे, पण तिथे कंपनीने कंपनीला विकलेली, दुकानात न मिळणारी उपकरणं वगळली आहेत. आमची मशीनं नेमकी तीच. शिवाय १९९८चा कॉपीराइटचा एक केंद्रीय कायदा आहे, त्यानुसार सॉफ्टवेअरचं कुलूप उघडणं हाच गुन्हा ठरू शकतो. दर तीन वर्षांनी त्यातून सवलती मागता येतात. २०२४च्या फेरीत उद्योगांतल्या यंत्रसामग्रीसाठीही मागितली होती. मिळाली ती फक्त दुकानांतल्या खाद्यपदार्थ बनवणाऱ्या यंत्रांना. म्हणजे आइस्क्रीमच्या मशीनचं कुलूप उघडलं तर चालेल. आइस्क्रीमवर माझा राग नाही, पण तरी!

कंपन्यांचं सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. शेकडो किलोचं टेबल चुकीच्या सिग्नलवर धावत सुटलं तर माणूस जातो. मी ते थोडक्यात चुकलेलं पाहिलं आहे. आणि ऐंशीच्या दशकात तोशिबा मशीनने सोव्हिएत रशियाला पाणबुड्यांचे प्रोपेलर कापणारी मशीनं विकली, त्यावरून १९८७ साली केवढा गहजब झाला. आज काही मशीनं जागेवरून हलवली तरी आपोआप लॉक होतात, त्यामागे निर्यातीवरची ही बंधनं आहेत. ते मला पटतं. पण आमचं मशीन रशियाला निघालं नव्हतं. ते त्याच फरशीवर, त्याच चार बोल्टवर उभं होतं.

ऑगस्टमध्ये हे सगळं मी मालकाला तावातावाने ऐकवत होतो. त्यांनी शांतपणे विचारलं, दोन वर्षांनी तुम्ही रिटायर झालात की आम्ही काय करायचं? तुम्ही जे करता ते कुठे लिहिलेलं आहे का? आहे ना, म्हटलं, आणि कपाटातून वह्या काढून दिल्या. तीन वह्या, २६ वर्षांची दुरुस्ती. त्यांनी एक पान उघडलं, वही उलटी धरून पाहिली, मग सुलटी केली. सगळं मराठीत. आम्ही दोघं हसलो, आणि मग मी हसायचा थांबलो.

तेव्हापासून दर रविवारी मुलगी घरी येते. मराठी ती मंडळाच्याच शाळेत शिकली, बोट ठेवून हळूहळू वाचते आणि इंग्रजीत टाइप करते. माझं अक्षर अजून खराब का नाही, असा तिचा उपरोध. पहिलं मशीन संपलं आहे, २२ पानं, पॅनेलच्या दारामागच्या खिशात प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली आहेत. गेल्या रविवारी ती एका ओळीवर अडली. “बाबा, ‘रिले चिकटलाय’ म्हणजे स्टक की वेल्डेड?” मी म्हटलं, दोन्ही होऊ शकतं. “पण इथे, २००७ साली, नक्की काय झालं होतं?”

मला आठवेना. तिने समोर प्रश्नचिन्ह टाकलं आणि पान उलटलं.